शाळा चुकवणाऱ्या पोरांकडे जाताना

पोरगा शाळेत का येत नाही, ते शाळेत विचारू नकोस. पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला नाहीतर हर्णै बंदरावर जा. मासळीच्या लिलावाच्या गर्दीत सापडेल. रोज हातात रोकड पडणाऱ्याला शिक्षणाचं महत्त्व सांगणार? हसेल तो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ते दिवस साध. होड्या शाकारलेल्या, शाळा नुकत्या उघडलेल्या, बापही घरी. बोलायचं मात्र आधी आईशी.

मोबाईल-बिबाईल चोरलेला असेल तर पोलिसांची भीती घालू नकोस. असल्या किरकोळ प्रकरणात, चोरीत सोबत कोणी मोठा माणूस नसेल तर, एफआयआर होत नाही; ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अल्पवयीनांची प्रकरणं चालवणारं बाल न्याय मंडळ समज देऊन, समुपदेशनाला पाठवून घरी सोडू शकतं. म्हणून मंडळापुढे जाणारा सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे पोराच्या घरची-दारची माहिती, जीव ओतून लिही. ‘वाह्यात’, ‘उनाड’ असले शेरे नकोत. तो घरात कोणाचं ऐकतो, ते लिही. बहुतेकदा आजी निघते.

त्याचं नाव चहाच्या टपरीवरही काढायचं नाही, ओळख उघड करणं त्याच कायद्याच्या कलम 74 नुसार गुन्हा आहे. आणि शिमग्यात भेट ठेवू नकोस, कोणी येत नाही.