आरटीएमएसने डोकं पहिल्यासारखं चालायला लागतं का?

सिन्नरच्या तुमच्या भावाला सिझोफ्रेनिया आहे, औषधांनी कानात येणारे भासाचे आवाज थांबले, पण विसरणं आणि लक्ष न लागणं तसंच राहिलंय. आता नाशिकच्या एका डॉक्टरांनी आरटीएमएस, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूला चालना देणारा उपचार, सुचवलंय, म्हणून विचारताय. मी इथेच गंगापूर रोडला मानसिक चाचण्या घेते, मशीन चालवत नाही. माझं मत: फक्त बुद्धीसाठी करणार असाल तर घाई नको.

हा विजेचा शॉक नव्हे. भूल लागत नाही, स्मरणशक्तीला धक्का बसत नाही. आधी अंगठा कुठे उडतो ते बघून चुंबकाची ताकद ठरवतात, मग कॉइल डोक्याला लावून टकटक सुरू. डिप्रेशनसाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) २००८ मध्येच त्याला मान्यता दिली. त्यात माणूस सावरला की लक्षही लागतं, पण ते बरंचसं मन हलकं झाल्यामुळे. खोट्या कॉइलशी (नुसतं लावल्यासारखं करून) ताडून पाहिलेल्या अभ्यासांत विचारशक्तीतला फरक थोडाच दिसतो. सिझोफ्रेनियात कुठे किंचित फायदा, कुठे काहीच नाही.

उपचाराच्या 'आधी-नंतर' घेतलेल्या चाचणीच्या गुणांवरही लगेच भुलू नका. मी "५, ८, २" म्हणते, पेशंटने "२, ८, ५" असं उलटं सांगायचं. सातपूरच्या कंपनीतले एक गृहस्थ दुसऱ्यांदा आले ते खुर्चीत टेकायच्या आतच, "मॅडम, उलटे आकडे ना?" त्यांचे गुण वाढले, उपचार काहीच बदलला नव्हता!

आरटीएमएसआधी एक गोष्ट बघा. गोळ्यांच्या पाकिटावर ट्रायहेक्सिफेनिडिल लिहिलंय का? हातपाय थरथरू नयेत म्हणून ती देतात, पण स्मरणशक्ती मंदावते. कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. झोप, दारू-तंबाखूचंही सांगा. सिझोफ्रेनियात लक्ष आणि स्मरणासाठी रोजच्या कामाला जोडून सराव करून घेतात, त्याला कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणतात. त्याचा आधार आरटीएमएसपेक्षा भक्कम आहे.

तरी करायचंच ठरलं, तर उद्देश आवाज, उदासी की स्मरण, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. फिट येत असेल, डोक्यात धातू किंवा कानात इम्प्लांट असेल, क्लोझापिन (सिझोफ्रेनियाचं एक औषध) चालू असेल तर आधीच सांगा. आणि आठवड्यातले ५ दिवस, ४ ते ६ आठवडे यावं लागतं. सिन्नरहून रोज ये-जा कोण करणार, तेही घरी ठरवून ठेवा.