प्रवासाचं विचारा : मुंबईवरून जाऊ की बेंगळूरवरून?

*(पत्र ताईंच्याच बोलीत ठेवलं आहे.)*

दादा, मी नंदगडची, तालुका खानापूर. लेक जर्मनीत फ्रँकफर्टजवळ असते. जुलैत तिचं बाळंतपण आहे, मी तीन महिने जाणार. व्हिसा झालाय, तिकीट काढायचं ऱ्हायलंय. डोंबिवलीचे दीर म्हणतात, आपली राजधानी मुंबई, सहारच्या विमानतळावरूनच जा, आम्ही बसवून देतो. मुलगा बेळगावात कामाला असतो, तो म्हणतोय बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूर आणि तिथून पुढे. शेजारचे म्हणतात गोव्याचं मोपा विमानतळ जवळ पडतं. मी रेल्वेत बसलोय, विमानात कधी नाही. कन्नड बाजारापुरतं येतं, इंग्रजी मुळीच नाही. गुडघा दुखतोय. सोबत लाडू, घरचं तूप आणि कुंदा न्यायचाय. कुठून जाऊ?
– होणारी आजी, नंदगड

ताई, राजधानीचा वाद आधी बाजूला ठेवूया. तो 1956 पासून चाललाय, जुलैपर्यंत मिटायचा नाही. दीरांचं म्हणणं मला कळतं. बेळगावच्या शहापुरात 31 वर्षं मी तिकिटांचं दुकान चालवलं. परदेशी जायचं म्हटलं की आपल्या माणसाच्या तोंडात आधी मुंबईच यायची, नि तिकीट मात्र बरेचदा बेंगळूरचं निघायचं.

फ्रँकफर्टला थेट विमान दोन्हीकडून आहे. बेळगावपासून दोन्ही शहरं रस्त्याने साधारण 500 किलोमीटर, त्यामुळे अंतरावर निकाल लागत नाही. मोपाचा विचार सोडा, तिथून निघालात तरी मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागेल, वर जुलैच्या पावसातला घाट.

मुंबईला जायचं म्हणजे रात्रभर स्लीपर बस, मग डोंबिवली, मग भर पावसात सहार. त्या गुडघ्याने बसच्या वरच्या बर्थवर चढून बघा, म्हणजे कळेल. शिवाय मुंबईत आता विमानतळ एकच राहिलेला नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, तेव्हा तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून भागत नाही. दीर-जावेकडे चार दिवस राहायची हौस असेल तर मात्र खुशाल मुंबईवरून जा. आत सोडायला घरचं माणूस आहे, हे काही थोडं नाही.

माझं मत बेंगळूरला. पण मुलगा म्हणतो तसं सांब्र्याहून जायचं असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या : सांबरा ते फ्रँकफर्ट अख्खा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (म्हणजे बुकिंगच्या नंबरवर) मिळतो का? विमान कंपन्यांचा आपसात करार असेल तरच तसं मिळतं. मिळालं तर सांब्र्याला दिलेली बॅग तुम्हाला थेट जर्मनीत भेटते, आणि पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची. तिकिटं वेगवेगळी असली की सगळं तुमच्या डोक्यावर. सांब्र्याची धावपट्टी 1942 ची, ब्रिटिशांच्या हवाई दलाने बांधलेली. 2017 ला नवी इमारत झाली, दिसायला झकास आहे. पण जुलैत बेळगावावर ढग उतरले की विमान कधी उशिरा, कधी रद्द, आणि पुढच्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. वजनाचंही तसंच. देशातल्या विमानात मोठ्या बॅगेला साधारण 15 किलो, युरोपच्या विमानात बहुधा 23. मधले 8 किलो म्हणजे तुमचा लाडवांचा डबा नि वर बाळाची दुपटी. त्याचे सांब्र्याच्या काउंटरवर किलोमागे पैसे मोजावे लागतात.

म्हणून एक तिकीट मिळत नसेल तर सरळ वंदे भारतने जा. 10 ऑगस्ट 2025 पासून ही बेळगाव-बेंगळूर गाडी सुरू आहे. पहाटे निघते, दुपारी दोनच्या आत पोचवते. आठवड्यातला एक दिवस नसते, तो आधी बघा. खुर्चीची गाडी आहे, मुलाला सोबत घ्या. तुम्ही जिथे उतरणार त्या स्टेशनचं नाव क्रांतिवीर संगोळी रायण्णा. इंग्रजांशी लढलेल्या या वीराला 1831 मध्ये तुमच्या नंदगडलाच वडाच्या झाडावर फाशी दिलं. परक्या गावी उतरल्यावर आधी आपल्याच गावची आठवण, हे मला आपलं बरं वाटतं.

स्टेशनसमोरच मॅजेस्टिकचा बसस्टँड. तिथून विमानतळाची वायुवज्र बस मिळते, सामान ठेवायला आत जागा असते. अंतर 35-40 किलोमीटर, पण हेब्बाळच्या पुलापाशी गाड्या अडकल्या की तास कुठे गेला कळत नाही. तुमच्याकडे वेळ भरपूर आहे, कारण युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात.

इथेच लोक फसतात. समजा तिकिटावर 12 तारीख, वेळ रात्रीचे 2.30. म्हणजे तुम्ही 11 तारखेला रात्री दहाच्या आत विमानतळावर हजर पाहिजे. 12 ला रात्री जेवूनखाऊन निघालेली दोन माणसं माझ्या दुकानात रडत आली होती. गाडीचं तिकीट 11 तारखेचं काढा, आणि कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवा.

आंतरराष्ट्रीय विमानं 12 सप्टेंबर 2023 पासून टर्मिनल 2 वरून जातात. सांब्र्याहून आलात आणि टर्मिनल 1 ला उतरलात, तर मधली बस फुकट आहे, चालत जायला बघू नका. टर्मिनल 2 बागेसारखं केलंय, छताला बांबू, भिंतींवर झाडं. बघत बसा, वेळ जाईल.

गुडघ्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, निदान दोन दिवस आधी तरी कंपनीला कळवा. पैसे लागत नाहीत. लाजू नका. ढकलणारा माणूस तुम्हाला इमिग्रेशनपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो, म्हणजे भाषेचाही प्रश्न सुटला. हिंदी चालते, आणि तुमचं बाजारापुरतं कन्नड त्याला ऐकायला आवडेल.

आता डबे. दूध नि दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे, तेव्हा घरचं तूप घरीच ठेवा. लाडू मिठाईत मोडतात, ते न्या. कुंद्याचं मात्र जीवावर येतंय सांगायला. तोही मिठाईच, पण मुळात आटवलेलं दूध, आणि पहाटे पहाटे जर्मन कस्टमवाल्याला बेळगावचा कुंदा म्हणजे काय हे कोण समजावणार? तो राहू दे. आंबे, कढीपत्त्याची जुडी, हेही नको.

अजून एक. तुम्ही ‘तीन महिने’ लिहिलंय. शेंगेन व्हिसावर (जर्मनीचा तुमचा व्हिसा तो हाच) जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, तेही कुठल्याही 180 दिवसांत मिळून, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवस दोन्ही धरून. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मोजले तर 92 होतात! व्हिसावर किती दिवस लिहिलेत ते आधी पाहा, नि परतीची तारीख बोटावर मोजूनच घाला.

परत येताना एकच तिकीट असलं तरी बॅग थेट सांब्र्याला येत नाही. बेंगळूरला पट्ट्यावरून ती स्वतः उचलायची, कस्टममधून बाहेर काढायची आणि पुन्हा काउंटरवर द्यायची. हे न कळल्यामुळे हात हलवत सांब्र्याला उतरलेले लोक मी बघितलेत.

शेवटी एका जुन्या चिठ्ठीचं सांगतो, त्यात चूक माझी आहे. 24 मे 2008 ला बेंगळूरची प्रवासी विमानं जुन्या एचएएल विमानतळावरून देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. पुढच्याच आठवड्यात अनगोळचा एक पोरगा मस्कतला कामाला निघाला होता. मी त्याला चिठ्ठीवर ‘बेंगलोर एअरपोर्ट’ एवढंच लिहून दिलं. रात्रीच्या बसने तो मॅजेस्टिकला उतरला, रिक्षावाल्याला चिठ्ठी दाखवली, आणि रिक्षावाल्याने सवयीने त्याला जुन्या विमानतळावर सोडलं. फाटक बंद. देवनहळ्ळी तिथून शहर ओलांडून पलीकडे. विमान गेलं. दुसऱ्या तिकिटाचे पैसे मी घातले, तरी त्याची आई पुढे दोन वर्षं गणपत गल्लीत समोर आली की तोंड फिरवून जायची.

तेव्हा मुलाकडून एक जाड कार्ड करून घ्या. एका बाजूला ‘केम्पेगौडा विमानतळ, देवनहळ्ळी, टर्मिनल 2, डिपार्चर’, विमानाचा नंबर, नि मुलाचा फोन. दुसऱ्या बाजूला तेच शेजारच्या कुणाकडून कन्नडात लिहून घ्या, आणि खाली लेकीचा पत्ता इंग्रजीत. पिशवीत ठेवू नका, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.