दोन इम्प्लांटवरची खालची कवळी किती वर्षं टिकते?

तुमच्या आईंचं वय ७१, खाली एकही दात नाही, साधी कवळी जेवताना उचलते. डॉक्टरांनी दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे धातूचे स्क्रू, सुचवलेत आणि या वयात ते टिकतील का, ही तुमची शंका. मी दंतवैद्य आहे, कवळ्यांचंच काम जास्त करतो. माझं मत विचाराल तर जरूर करा.

इम्प्लांटची काळजी नको. हनुवटीजवळचं हाड चांगलं भरीव असतं. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्याच जबड्यात इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ते कामात होते. सगळ्यांचेच चाळीस वर्षं चालतील असं नाही, पण या जागेवरचे बहुतेक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही शाबूत असतात. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानला. नुसतं वय आडवं येत नाही. मिश्री-तंबाखू, आटोक्यात नसलेली शुगर आणि हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधं मात्र येतात. आईंना अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

झिजते ती कवळी. तिच्या आतल्या बाजूला दोन धातूच्या वाट्या असतात, त्यात नायलॉनच्या छोट्या टोप्या. कवळी दाबली की ‘टक्’ आवाज होऊन त्या इम्प्लांटवर बसतात. रोजच्या काढघालीने टोपीची कड गुळगुळीत होते, पकड सुटते. कुणाची वर्षभरात, कुणाची दोन-तीन वर्षांत. बदलायला काही मिनिटं पुरतात. शिवाय दाढांच्या जागेचं हाड हळूहळू खाली जातच राहतं, मग कवळी मागे डुलते आणि आतून नवा थर द्यावा लागतो. हा पुढचा खर्च सुरुवातीला कुणी फारसा सांगत नाही, तो तुम्ही स्पष्ट विचारून घ्या.

आईंच्या बोटांत संधिवात असेल तर कमी पकडीच्या टोप्या मागा. घट्ट कवळी त्यांना काढताच येणार नाही. रात्री ती काढून ठेवायची आणि इम्प्लांटभोवतीची हिरडी मऊ ब्रशने रोज घासायची. तिथं रक्त दिसलं तर थांबू नका, दाखवा.

आणि इम्प्लांटच्या कंपनीचं नाव, माप, टोपीचा प्रकार फाइलमध्ये लिहून घ्या. पुढे दुसऱ्या गावात टोपी बदलायची वेळ आली, तर त्या कागदावाचून आमचा निम्मा वेळ शोधाशोधीतच जातो.