भाड्याच्या घराचं अप्रेजल कमी आलं? लेंडरला मेल करायच्या आधी हे वाचा

अमेरिकेत भाड्याने दिलेल्या घराचं किचन, बाथरूम, बेसमेंट सगळं नवं केलं आणि कॅश-आउट रिफायनान्ससाठी (जुन्या कर्जाच्या जागी मोठं कर्ज घेऊन वरची रक्कम हातात घेणं) झालेलं अप्रेजल, म्हणजे घराच्या किमतीचं मूल्यांकन, तरी कमी आलं, हे तुमचं दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

रागाच्या भरात लेंडरला मेल टाकू नका. लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या 'फॅनी मे' या संस्थेच्या नियमांत एका अप्रेजल रिपोर्टवर कर्जदाराला फेरविचाराची विनंती, म्हणजे 'आरओव्ही', एकदाच करता येते, तीही क्लोजिंगच्या, म्हणजे कर्जाचा व्यवहार पूर्ण होण्याच्या आधी. मला हेच सगळ्यात महागात पडलं. काँट्रॅक्टरची बिलं जोडून पाठवलेला तक्रारीचा मेल लेंडरच्या ऑफिसने आरओव्ही म्हणून धरला आणि आधी एका शब्दाने सांगितलं नाही. चीड येते ती याची. बिलांनी काही होत नाही. खर्च वेगळा, किंमत वेगळी.

काम होतं ते कॉम्प्सनी, म्हणजे तुलनेसाठी दाखवलेल्या, विकल्या गेलेल्या तशाच घरांनी. जास्तीत जास्त पाच देता येतात. वर्षभरात विकलेली, अप्रेजलच्या तारखेआधी क्लोज झालेली, तुमच्याच भागातली आणि नूतनीकरण झालेली घरं निवडा. प्रत्येकापुढे पत्ता, तारीख, किंमत, चौरस फूट आणि रिपोर्टमधल्या कोणत्या कॉम्पपेक्षा हे जवळचं का, ते एका ओळीत लिहा. लिस्टिंगचे फोटो जोडा. नव्या किचनच्या घराला 'सी४' ही घराच्या अवस्थेची मधली श्रेणी देऊन जुन्या किचनची घरं शेजारी मांडली असतील, तर नेमकं तिथेच बोट ठेवा.

बेसमेंटवरून मात्र भांडू नका. कितीही सुंदर केलं तरी जमिनीखालचा भाग मुख्य क्षेत्रफळात धरत नाहीत, त्याची ओळ वेगळी असते. परमिट न काढता वाढवलेली बेडरूम असेल, तर ती मोजली जाईलच असं नाही. आणि एका कुटुंबाच्या घराची किंमत मुख्यतः आजूबाजूच्या विक्रीवर ठरते, भाडं चांगलं येतं म्हणून ती वाढत नाही.

मी लोन ऑफिसर नाही. डीएससीआरवाल्यांचे, म्हणजे घराच्या भाड्याच्या उत्पन्नावर कर्ज देणाऱ्यांचे नियम वेगळे असतात, त्यांनाच विचारा.

पुढच्या वेळी अप्रेजर घर बघायला येईल तेव्हा कामांची तारीखवार यादी आणि परमिटच्या प्रती हातात द्या. माहिती दिलेली चालते, आकड्यासाठी दबाव आणलेला चालत नाही.

आरओव्ही फेटाळली तर दुसरा लेंडर उरतो, पण आधी हिशोब करा. फॅनी मेच्या नियमांत एका युनिटच्या (एकाच कुटुंबाच्या) भाड्याच्या घरावर कॅश-आउटमध्ये नव्या कर्जाची मर्यादा अप्रेजलच्या किमतीच्या 75 टक्के आहे. म्हणजे अप्रेजल 20 हजार डॉलरने कमी आलं, तर हातात 15 हजार कमी येतात. नव्या अप्रेजलची फी आणि मधल्या काळात बदलणारा व्याजदर त्यासमोर मांडून बघा.