रोज गोरेगाव ते बीकेसी, वर्षातून दोनदा ट्रॅक: पोलोला लोअरिंग स्प्रिंग टाकू की कॉइलओव्हर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोलो १.० टीएसआय, ६० हजार किलोमीटर झालेली, रोज ऑफिसला हीच गाडी, वर्षातून दोनदा चेन्नई नाहीतर कोइम्बतूरचा ट्रॅक डे, म्हणजे रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस. दुकानदार म्हणतोय, ४० मिलिमीटर खाली करणाऱ्या स्प्रिंग टाका, शॉकअप कंपनीचेच राहू देत, काही होत नाही. तुम्ही विचारताय, त्यापेक्षा कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र सेट, घेऊ का?

होतं. माझं झालंय.

माझी पण पोलोच, २०१५ ची जीटी. मुलुंडहून लोअर परळला रोज जातो. अशाच एका दुकानात, अशाच सल्ल्यावरून ४० मिमीच्या स्प्रिंग बसवल्या. पहिले चार दिवस मजा आली, फोटो तर काय विचारू नका. मग ईस्टर्न एक्सप्रेसवर प्रत्येक उड्डाणपुलाच्या सांध्याला ठक, ठक सुरू झालं. मला वाटलं स्प्रिंग कडक आहे, स्पोर्टी गाडीला हे व्हायचंच. एक पावसाळा निघाला आणि पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळायला लागलं.

कारण कळलं ते एका झिप टायमुळे, वायर बांधायचा तो प्लास्टिकचा पट्टा. शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवायचं, दांड्याला टाय घट्टसर बांधायचा आणि खाली शॉकअपच्या नळीला टेकेपर्यंत सरकवायचा. चाक वर आलं की नळी टायला वर ढकलते. चाक परत खाली गेलं तरी टाय तिथेच राहतो. दिवसाच्या शेवटी गाडी सपाट जागी उभी करून नळी आणि टाय यांच्यातलं अंतर मोजा. चाक सर्वांत जास्त किती वर आलं, ते तुमच्या हातात. माझ्या गाडीत मूळ स्प्रिंगवर उभ्या स्थितीपासून बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाक फार वर आलं की अडवणाऱ्या रबरापर्यंत, ५५ मिमी जागा होती. चाळीस खाली केल्यावर उरली पंधरा. म्हणजे मी स्प्रिंगवर नाही, जवळपास दिवसभर रबराच्या ठोकळ्यावर गाडी चालवत होतो. ती ठक स्प्रिंगची नव्हतीच.

म्हणून मुंबईत सस्पेन्शन निवडताना पहिला प्रश्न 'किती कडक' हा नाही. पहिला प्रश्न 'चाकाला वर यायला जागा किती उरते' हा. पेव्हर ब्लॉकचा खचलेला चौक, पुलाचा सांधा, सोसायटीवाल्यांनी स्वतः ओतलेला स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा तुम्हाला तुमच्या रस्त्यावर एखादा सापडला तर मला दाखवा, मी येतो बघायला. आणखी एक गंमत म्हणजे परदेशी स्प्रिंगवर लिहिलेले '३० मिमी' हे बहुतेक वेळा तिकडच्या गाडीच्या उंचीवरून असतात. आपल्याकडच्या गाड्या मुळात उंच करून विकल्या जातात. त्यामुळे इथे बसवल्यावर गाडी तीसपेक्षा जास्त बसते.

आता कडकपणाचं गणित, कारण दुकानात 'सहा केजी, आठ केजी' असे आकडे फेकले जातात. केजी म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारे किलो. तुमच्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर चाक, ब्रेक वगळून साधारण ३०० किलो वजन धरा. रोजच्या गाडीत हे वजन सेकंदाला सव्वा-दीड वेळा डोलेल इतपत स्प्रिंग ठेवतात. १.३ वेळा डोलायला चाकापाशी साधारण २ केजी पुरतात, २ वेळा डोलायला ४.८ लागतात. बघा, डोलणं दीडपट झालं की कडकपणा जवळपास अडीचपट होतो. दोनच्या आसपास गाडी ट्रॅकवर छान, पण कलानगरच्या सिग्नलला पाठीचा कणा मोजून घ्यावा लागतो. तुमच्यासाठी मी १.५ ते १.६ च्या वर जाणार नाही, म्हणजे पुढे चाकापाशी तीन केजीच्या आसपास. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डोलणारी हवी. हे मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये असताना मांडलं: सांध्यावर पुढची चाकं आधी आदळतात, मागची नंतर, मागची बाजू जलद डोलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे झुलत नाही.

पैसे कुठे घालायचे? शॉकअपमध्ये. स्प्रिंग फक्त वजन पेलते. ती परत कशी सुटते हे शॉकअप ठरवतो. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर शॉकअपचा धरही, म्हणजे हालचाल रोखायची ताकद, साधारण १४ टक्के वाढायला हवा, आणि कंपनीचा शॉकअप, तोही ६० हजार चाललेला, उलट सैलावलेला असतो. म्हणून जास्त नको, २० ते २५ मिमी खाली करणारी स्प्रिंग आणि तिच्याच मापाचा शॉकअप असं जोडीने घ्या. बिल्स्टाइन कंपनीच्या शॉकअपमध्ये मूळ उंचीला बी६ आणि खाली केलेल्या गाडीसाठी आखूड दांड्याचा बी८ असतो. कोनी स्पोर्ट, तो पिवळा, त्याचा फक्त रिबाउंड म्हणजे सुटण्याचा धर बदलता येतो, आणि तुमच्या कामाला तेवढं पुष्कळ आहे. पार्ट नंबर तुमच्या मॉडेलला जुळतो ना हे स्वतः बघा, 'बसेल साहेब' यावर जाऊ नका.

कॉइलओव्हर वाईट नाहीत. पण उंची बदलता येते म्हणून घेणार असाल तर ती तुम्ही एकदाच बदलाल आणि दोन पावसाळ्यांनी ते आटे चिखलाने असे जाम होतील की पाना लागणार नाही. घेतलेच तर दर सहा महिन्यांनी आटे धुऊन ग्रीस लावा. आणि हिशोब करा, चेन्नईचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक इथून सुमारे १३०० किलोमीटर. गाडी चालवत नेलीत तर जाऊन-येऊन २६०० किलोमीटर रस्ता, आणि ट्रॅकवर दिवसभरात फार तर शंभर. सेटअप कोणासाठी करायचा ते यावरून ठरवा.

बसवताना एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्या, मिस्त्री कितीही कावला तरी. लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, त्याच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर, चाक लटकलेलं असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हे बुश म्हणजे रबर आणि त्यात चिकटवलेली लोखंडी नळी. आवळला त्या स्थितीत तो 'निवांत' असतो. लटकत्या चाकावर आवळला तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. माझे असेच तीन महिन्यांत फाटले आणि गॅरेजने मला रस्त्याची कारणं सांगितली. चाकाखाली जॅक देऊन वजन घेऊ द्या, मग फायनल टॉर्क. त्याच वेळी टॉप माउंट, लिंक रॉड आणि बंप स्टॉप नवे टाका, मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

मग ट्यूनिंग. आधी अलाइनमेंट: रस्त्यासाठी पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरून आत झुकलेलं) उणे १ अंशाच्या आसपास, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) जवळपास शून्य. ट्रॅकवर उणे २ ते अडीच आवडतं, पण तेवढ्यावर रोज चालवलंत तर टायरची आतली कड खाल्ली जाते. कॅम्बर बदलता यावा म्हणून लोखंडी बेअरिंगच्या कॅम्बर प्लेटही मिळतात. पहिल्याच पावसाळ्यात त्यांची खडखड सुरू होते, मी काढून टाकल्या.

धर बदलता येणारा शॉकअप असेल तर त्याचे क्लिक, म्हणजे धर कमी-जास्त करायच्या स्क्रूचे टप्पे, नेहमी पूर्ण बंद करून तिथून मोजा, आणि बंद करताना जोर लावू नका. मधोमध सुरुवात करा. दोन क्लिक बदला, त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने जा, वहीत लिहा. माझा रस्ता सकाळी सहाचा, रिकामा, दोन सांधे आणि एक पेव्हर ब्लॉकचा पट्टा असलेला. कोस्टल रोडवर तपासू नका, तिथे बैलगाडीचंही सस्पेन्शन चांगलं वाटेल. सांध्यानंतर गाडी एकापेक्षा जास्त वेळा हलली तर रिबाउंड सैल आहे. पेव्हर ब्लॉकवर गाडी पुढे-पुढे आणखीच कडक होत गेली तर रिबाउंड जास्त झालाय: चाक खड्ड्यातून परत खाली यायच्या आत पुढचा दणका बसतो आणि गाडी हळूहळू खाली ओढली जाते. पुष्कळ लोक इथे फसतात, स्प्रिंगला शिव्या देतात आणि आणखी कडक करतात.

ट्रॅकवर पोचलात की रिबाउंड तीन-चार क्लिक वाढवा आणि हवा गरम टायरवर मोजा, पिटमध्ये आल्या आल्या. थंड टायरवर ३२ भरलेली पाच-सहा लॅपनंतर ३८ च्या वर गेलेली दिसेल, जास्तीची सोडून द्या. परत निघताना भरायला विसरू नका, मी एकदा विसरलो आणि कोल्हापूरपर्यंत गाडी का तरंगतेय म्हणून अलाइनमेंटवाल्याला दोष देत बसलो.

गाडी वळणात पुढून सरकते म्हणून मागे जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलंडू न देणारा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, टाकायचा सल्ला मिळेल. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा २२ मिमी केला की ४६ टक्के जास्त. कोरड्या ट्रॅकवर गाडी छान फिरते. जुलैमध्ये ओल्या घोडबंदर रोडवर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडलात तर मागची बाजू पुढे यायला बघते. मी सुरुवातीला टाकणार नाही.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा. आमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे, पॅलेटच्या पुढच्या कडेला लोखंडी उंचवटा. माझी ४० मिमीवाली गाडी तिथे रोज बंपर घासायची, तेव्हा वॉचमनकाकांनी दोन लाकडी फळ्या आणून ठेवल्या होत्या. आता २५ मिमीच्या स्प्रिंगवर ती फळ्यांशिवाय निघते, फळ्या मात्र अजून तिथेच आहेत. आता त्या शेजारच्या होंडा सिटीवाल्याला लागतात.