उजनीवरची बोट रत्नागिरीला न्यायची आहे, तर नॅव्हटेक्स रिसीव्हर कोणता घ्यावा?

तुमची फायबरची बोट सध्या उजनीवर आहे, दिवाळीनंतर ती रत्नागिरीला नेऊन समुद्रात चालवायची आहे, आणि दोन्हीकडे चालेल असा एकच रिसीव्हर हवा आहे. तसा मिळणार नाही.

उजनीसाठी नॅव्हटेक्स घेऊच नका. किनाऱ्यावरच्या केंद्रांतून रेडिओने येणारे आणि संचावर वाचायचे हे संदेश समुद्रापुरतेच असतात: वादळाचा इशारा, बंद पडलेला दीपगृहाचा दिवा, गोळीबार सरावाचं क्षेत्र, शोध-बचाव. जलाशयावर उन्हाळ्यात दुपारनंतर अचानक सुटणाऱ्या वाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी मार्गावरची बोट तशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तिथे मोबाईलला रेंज असते, म्हणून हवामान खात्याचा पुढच्या काही तासांचा जिल्हावार इशारा आणि विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप बघा. आभाळ भरून आलं की काठाला लागा.

रत्नागिरीसाठी मात्र जरूर घ्या. किनारा सुटला की मोबाईल लवकरच मुका होतो, आणि व्हीएचएफवरचं (बोटींवरच्या बोलण्याच्या रेडिओवरचं) बोलणं ऐकायला त्या वेळी कुणीतरी संचाजवळ असावं लागतं. नॅव्हटेक्स संदेश स्वतःच पकडून साठवतो. तो ५१८ किलोहर्ट्झवर इंग्रजीत येतो आणि समुद्रावर साधारण २५० ते ४०० सागरी मैल पोहोचतो. उत्तरेला मुंबई आणि दक्षिणेला वेंगुर्ला, ही दोन्ही केंद्रं रत्नागिरीच्या टप्प्यात आहेत. ४९० किलोहर्ट्झ स्थानिक भाषांसाठी आहे; आपल्या किनाऱ्यावर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

संच स्क्रीनवाला घ्या, कागदवाला नको. थर्मल कागद बंद केबिनच्या उन्हात काळा पडतो आणि ऐन पावसात रोल संपतो. फुरुनोचा एनएक्स-३०० किंवा नासा मरीन कंपनीचा (अवकाश संस्थेचा नव्हे) क्लिपर, या वर्गातला कुठलाही १२ व्होल्टवर चालणारा संच छोट्या बोटीला पुरतो. प्लॉटरवर, म्हणजे बोटीच्या नकाशाच्या स्क्रीनवर, संदेश दिसायला हवे असतील तर एनएमईए (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडायची पद्धत) आउटपुट आहे का ते पाहा. संच कोणता, यावर लोक महिनाभर खल करतात. खरा फरक अँटेना पाडतो.

अँटेना दोन प्रकारच्या असतात. उभ्या काठीसारखी ई-फील्ड अँटेना चांगलं अर्थिंग मागते. लोखंडी जहाजात ते आयतं मिळतं; फायबरच्या बोटीत तांब्याची पट्टी इंजिन ब्लॉकपर्यंत न्यावी लागते, आणि तो जोड गंजला की संदेशात अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या (*) उगवतात. एच-फील्ड अँटेनेत फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) गाभ्यावर तारेची गुंडाळी असते, तिला अर्थिंग लागत नाही आणि जवळपासचा विद्युत गोंगाटही ती कमी पकडते. तुमच्या बोटीला हीच. ती डोलकाठीच्या टोकावर चढवायची धडपड करू नका. या लहरींना उंचीपेक्षा मोकळी जागा महत्त्वाची: व्हीएचएफच्या अँटेनापासून किमान मीटरभर, इंजिन आणि अल्टरनेटरपासून जितकी दूर नेता येईल तितकी, रडारच्या झोताबाहेर. केबलमधूनच अँटेनाला वीज जाते, त्यामुळे कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की संच चालू दिसतो पण ऐकत काहीच नाही. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. एका कंपनीची अँटेना दुसऱ्या संचाला लावू नका, पुरवठ्याचा व्होल्टेज वेगळा असू शकतो.

यानंतर गोंगाट. स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सोलर चार्ज कंट्रोलर, बॅटरी चार्जर हे नेहमीचे चोर. प्रत्येक अक्षर दोनदा पाठवलं जातं. दोन्ही वेळा बिघडलं तर त्याच्या जागी चांदणी येते. एकेक यंत्र बंद करत चांदण्या कधी कमी होतात ते पाहिलं की चोर सापडतो. त्याच्या वायरवर फेराइटची रिंग लावा, पण एका वेढ्याने या फ्रिक्वेन्सीला काही होत नाही. रिंगमधून सात-आठ वेढे काढा.

हे सगळं किनाऱ्यावर जाण्याआधी सोलापुरातच तपासता येतं. दिवसा जमिनीवरून या लहरी लवकर विरतात, पण रात्री आकाशातून परतून इथवर पोहोचू शकतात. गच्चीवर संच बॅटरीवर लावा, अँटेना यंत्रमागाच्या शेडपासून आणि घरातल्या एलईडीपासून लांब ठेवा. प्रत्येक केंद्राला ओळखीचं एक अक्षर असतं, मुंबईचं ‘जी’ आहे. त्याच्या दहा मिनिटांच्या पाळ्या आपल्या वेळेनुसार रात्री साडेदहा आणि अडीच, मग सकाळी साडेसहा, साडेदहा, दुपारी अडीच, सायंकाळी साडेसहा अशा येतात. रात्रीच्या पाळीत तुटका का होईना, एखादा संदेश उमटला तर संच आणि अँटेना जिवंत आहेत. काहीच आलं नाही तर लगेच संचाला दोष देऊ नका, एवढ्या आत ते साहजिक आहे. पाच-सहा रात्री पाहा. मग मल्टिमीटरने अँटेनाच्या टोकाला पुस्तिकेत दिलेला व्होल्टेज मिळतो का ते मोजा.

बोटीवर बसवल्यावर केंद्रांच्या यादीतून मुंबई, वेंगुर्ला आणि तुम्ही जाणार असाल त्या बाजूचं पुढचं केंद्र एवढीच ठेवा, नाहीतर रात्री दूरदूरची केंद्रं स्मृती भरून टाकतात. संदेशांचे प्रकारही निवडता येतात. ‘सी’ म्हणजे बर्फाचा अहवाल, तो अरबी समुद्रात बिनकामाचा. ‘ई’ म्हणजे हवामान अंदाज, तो चुकूनही बंद करू नका. ‘ए’, ‘बी’, ‘डी’ आणि ‘एल’ बंद करताच येत नाहीत, ते सुरक्षिततेचे इशारे आहेत. ०० क्रमांकाचा संदेश अतितातडीचा असतो. चुका जास्त असतील तर संच तो संदेश ‘मिळाला’ असं नोंदवत नाही आणि पुढच्या पाळीत पुन्हा घेतो. म्हणूनच निघण्याआधी किमान बारा तास संच चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक केंद्राच्या तीन पाळ्या मिळतात. समजा संच १०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसरात्र चालूनही बॅटरीतून अडीच अँपिअर-तासही जात नाहीत.

जुना संच मिळत असेल तर आतली स्मृतीची बॅटरी तपासा. ती मेली असेल तर वीज बंद करताच केंद्रांची निवड पुसली जाते. आणि नॅव्हटेक्स फक्त ऐकतो. मदत मागायला व्हीएचएफ वेगळा लागेल, चॅनेल १६ साठी, आणि त्याला परवाना लागतो. ती कागदपत्रं बोट हलवण्याआधीच सुरू करा.