एजंट म्हणतो ‘सेफ आहे’, तरी झोप का लागत नाही?

मे-जूनमध्ये घरं बदलली जातात आणि पावसाळा लागला की समुपदेशनाला येणाऱ्यांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत येते. “नवीन घर छान आहे मॅडम, पण रात्री झोप नाही. एजंट तर म्हणाला होता, एरिया सेफ आहे.” हे इतक्यांदा ऐकलंय की एक केस सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती साताऱ्याहून पुण्यात आलेली. वाकडमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा टू बीएचके. नवऱ्याची शिफ्ट रात्री उशिरा संपायची, तोवर घरात ती आणि पाच वर्षांची लेक. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सीसीटीव्हीची क्लिप टाकली: दोघंजण कडी-कोयंडा उचकटताना. तेव्हापासून झोपण्याआधी दाराची कडी बघणं सुरू झालं. आधी दोनदा, मग सात-आठदा. मग नवऱ्याला फोन, “मी लॅच लावलाय ना?” ऑफिसात बसलेला माणूस काय सांगणार? एजंटलाही विचारून झालं होतं.

“काय म्हणाले ते?”

“एकदम फॅमिली एरिया आहे ताई, बिनधास्त राहा.”

“मग किती वेळ बरं वाटलं?”

ती हसली. “घरी पोचेपर्यंत.”

या बाबतीत माझं मत ठाम आहे. अशा भीतीवर धीर देणं हा उपाय नाही. धीर मिळाला की तासभर बरं वाटतं आणि मन एवढंच शिकतं की बरं वाटायला पुन्हा विचारावं लागतं. कडी तपासण्याचंही तेच. एकदा लावलेली कडी लक्षात राहते. आठदा चाचपलेली कडी आठवणीत धूसर होते आणि माणसाचा स्वतःवरचाच भरवसा उडतो. म्हणून “काही होत नाही हो” असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. एजंटकडे परत पाठवलं, पण अट घातली: हो किंवा नाही म्हणून सुटता येईल असा प्रश्न विचारायचा नाही.

प्रश्न आम्ही बसून लिहिले. या भागात घरफोडी कुठे झाली आणि चोर शिरला कुठून? रात्री गल्लीतले कोणते दिवे बंद असतात? आमच्या मजल्यावर किती फ्लॅट रिकामे आहेत? वॉचमन टिकतात की दर महिन्याला नवा चेहरा?

एजंट त्या भागात शेतं होती तेव्हापासून घरं दाखवणारा. प्रश्न वाचून म्हणाला, “सेफ आहे का विचारलंत तर मी हो म्हणणारच ताई, धंदा आहे माझा. पण हे विचारताय तर चला, दाखवतो.” आणि खरंच दाखवलं. एका बिल्डिंगमध्ये दिवाळीत चोरी झाली होती. बाहेर भलंमोठं कुलूप आणि दारात साठलेले पेपर. दुसरीकडे पहिला मजला, खाली पोडियमचं, म्हणजे पार्किंगवरचं, छत, आणि सरकती खिडकी रुळातून सरळ उचलून बाजूला ठेवलेली. मग तिच्या फ्लॅटमध्ये आला तो मुख्य दाराकडे न बघता थेट ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्यांच्या बाल्कनीत. शेजारून पाण्याचे पाइप खाली गेलेले. दाराला चार इंची टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर. त्याने खांदा लावला तसा बोल्ट चौकटीसकट हलला.

पुढच्या सेशनला हे सांगता सांगता ती थांबली. “मॅडम, मी रोज ज्या दाराची कडी बघत होते, ते दार ठीकच होतं.”

या वाक्याची मी वाट बघत होते. सीसीटीव्ही लॉबीत असतो, म्हणून प्रत्येक क्लिपमध्ये मुख्य दारच दिसतं. पाइप जातात त्या डक्टमध्ये कॅमेरा कोण लावतो? तिची भीती क्लिपने दाखवलेल्या जागी पहारा देत होती, घराची फेरी मात्र तिने कधी मारलीच नव्हती. काळजी आणि सावधपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. इथे ते मला सांगावंही लागलं नाही.

मग कामं झाली. ड्राय बाल्कनीच्या दाराला वर आणि खाली आठ इंची बोल्ट, स्क्रू किमान दीड इंची. आखूड स्क्रू फक्त लाकडाची कातडी धरतात, एका धक्क्यात निघतात. सरकत्या खिडकीच्या वरच्या रुळात पट्टी ठोकली, म्हणजे काच उचलता येत नाही. रात्री खालच्या रुळात मापाची काठी. मुख्य दाराच्या लॉकचा सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो भाग, बदलला, कारण आधीच्या भाडेकरूकडे चावी राहिली नसेल कशावरून? नवा सिलिंडर घेताना मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंचं माप घ्यावं. तो दारावरच्या लॉकच्या पट्टीबाहेर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला की पान्ह्यात धरून तोडता येतो. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी मेसेज करावा आणि जुना सिलिंडर जपून ठेवावा, सोडताना परत बसवायला. ग्रिल लावताना एक भाग उघडणारा ठेवावा, चावी आतून मोठ्या माणसाच्या हाताला लागेल पण खिडकीतून पोचणार नाही अशी. चोराला अडवणारी ग्रिल आगीत घरच्यांनाच कोंडते. बाहेरगावी जाताना बाहेर टांगलेलं कुलूप घर रिकामं असल्याची पाटीच असते. आतल्या लॉकवर भागवावं आणि पेपर-दूध बंद करून जावं.

घर अजून घ्यायचंच असेल तर दोनदा जा: एकदा कामाच्या दिवशी सकाळी अकराला, सगळे बाहेर असताना, आणि एकदा रात्री साडेदहाला. इस्त्रीवाल्याशी बोला, त्याला सगळं ठाऊक असतं. भाडेकरार ‘नोटरीवर उरकू’ म्हणणाऱ्या एजंटला तिथेच थांबवा. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे या भाडेकराराची, नोंदणी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती मालकाची जबाबदारी आहे. पोलिसांकडची भाडेकरू नोंदही टाळू नका. नव्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर एजंटचा महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक मागा, तो इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होतो.

आता रात्रीचं. एकच फेरी, ठरलेल्या क्रमाने: गॅसचा रेग्युलेटर, ड्राय बाल्कनी, खिडक्या, शेवटी मुख्य दार. प्रत्येक ठिकाणी तोंडाने मोठ्याने म्हणायचं, “बंद.” परत उठावंसं वाटलं तर वीस मिनिटं थांबायचं. ओढ वाढते, टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते. ती उतरताना अनुभवणं हाच खरा इलाज. नवऱ्याला मी बजावलं होतं, “हो गं, लावलंय” म्हणायचं नाही, “फेरी झाली ना?” एवढंच. पहिले चार-पाच दिवस त्रास वाढतो. तिलाही झाला, भांडणंही झाली. महिन्याभराने ती एका फेरीवर आली. नवरा मुक्कामाला बाहेर असला की अजूनही कधी दोन होतात, आणि ते मी चालवून घेते.

सगळ्यांना एवढ्याने भागत नाही. तपासण्यात रोज तासाभराहून जास्त जात असेल, किंवा घरात खरोखर चोरी-हल्ला होऊन गेला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. आणि काही जणींशी एकांतात बोलल्यावर कळतं की भीती बाहेरच्या चोराची नसून घरातल्याच माणसाची आहे. तिथे बोल्ट-कुलपं उपयोगाची नाहीत. 181 ही महिला हेल्पलाइन, आणि जिवावर बेतत असेल तर लगेच 112.